कांद्याला वास कधी येतो?

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात मावशींना तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे ‘नाक’. ‘नाक आलं का?’, ‘नाकाला विचारलं का?’ असं चालायचं. मावशींच्या ते कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर त्या मनातून सुखावत. माणसाला त्याच्या एखाद्या अवयवावरून ओळखलं जावं, यात कमीपणा कसला? ‘जीभ’ म्हणून ओळखली जाणारी त्यांची नणंद घरी होतीच.

त्या इथे आल्या त्या भांडी घासायला. नवरा हॉस्पिटलचीच गाडी चालवायचा, लेक लहान होती. मागच्या अंगणात पातेली घासता घासता एका सकाळी त्यांचा हात थांबला. त्या तशाच आत गेल्या आणि आचाऱ्याला म्हणाल्या, “दादा, गॅस येतोय कुठून तरी.”

आचारी शेगडीपाशीच उभा होता. त्याला कसलाच वास येत नव्हता. “बाई, तुमच्या साबणाचा वास असेल,” म्हणून त्याने हसण्यावारी नेलं. मावशींनी ओल्या हातांनीच खिडक्या उघडल्या, मूठभर फेस आणून भिंतीकडे जाणाऱ्या नळीला फासला, आणि सांध्यावर बुडबुडे फुगू लागले. आचाऱ्याचं हसू मावळलं. त्यानंतर मावशींना कुणी अंगणात बसू दिलं नाही. शेगडीपाशी आल्या त्या तिथल्याच झाल्या. आचारी निवृत्त झाला, नवरा निवृत्त झाला, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, मावशी आपल्या तिथेच.

या स्वयंपाकघरात एक नियम होता. वॉर्डात जाणाऱ्या पातेल्यात चमचा घालून तोंडाला लावायचा नाही. चव बघायचीच तर वेगळ्या वाटीत काढून, वेगळ्या चमच्याने, आणि सकाळच्या गर्दीत तेवढी उसंत कुणाला? मावशींमुळे त्याची गरजच उरली नाही. ट्रॉली निघायच्या आधी शेगडीवरच्या सगळ्यांत नव्या मुलीने, धाकटीने, एकेक झाकण उचलायचं, मावशींनी वाकून वाफ नाकात घ्यायची आणि म्हणायचं, “जाऊ दे.” मीठ कमी पडलेलंसुद्धा त्यांना कळे. ‘मिठाला कुठे वास असतो?’ असं नवरा म्हणायचा. “मिठाला नसेल,” मावशी म्हणायच्या, “पण अळणी बटाट्याला असतो.”

मग तो ताप आला. साधाच होता, घरात सगळ्यांना एकेक करून येऊन गेला. मावशींचा गेला तो जाताना नाक घेऊन गेला.

आधी त्यांना वाटलं, साबण जुना झाला असेल. मग वाटलं, चहाची पत्ती बदलली असेल. दुसऱ्याला दोष देऊन होईपर्यंत माणूस स्वतःवर येत नाही. एका दुपारी त्या बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि आतून नणंद ओरडत आली, “वहिनी! घर पेटवतेस का काय?” दूध उतू जाऊन, पार तळाला लागून काळं झालं होतं. धूर दारापर्यंत आला होता. मावशी घड्या घालत होत्या.

“सर्दी आहे,” त्या म्हणाल्या.

“सर्दी? सर्दीत शिंका असतात. तुझं नाक तर वाळवंट.”

नणंद नवऱ्याची धाकटी बहीण, मावशींपेक्षा वयाने लहान, पण रीत म्हणून मावशी तिला वन्सं म्हणत आणि अहो-जाहो करत. ती घरातच शिवणकाम करायची. मशीन खिडकीशी, त्यामुळे गल्लीत आणि घरात काय चाललंय ते दोन्ही तिला एकाच जागेवरून दिसे. तिच्यापासून काही लपवणं म्हणजे मांजरापासून दूध लपवणं. संध्याकाळपर्यंत तिने वहिनीच्या नाकासमोर फिनाईल, बाम आणि भावाचे मोजे धरून पाहिले. मोज्यांनंतर ती गंभीर झाली.

“डॉक्टरकडे जा. आणि तुमच्या हॉस्पिटलातल्या नको, दुसऱ्या.”

दुसरा डॉक्टर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला निघाला. त्याने नाकात दिवा घालून पाहिलं आणि म्हणाला, “येईल परत. कधी ते सांगता यायचं नाही. कुणाला महिन्यांत, कुणाला वर्षाने. थोड्यांना नाही.” मावशींनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. त्याने उपाय सांगितला तो असा: लिंबू, लवंग असे ओळखीचे वास रोज हुंगायचे, मन लावून. नाकाला पुन्हा शाळेत घालायचं.

लेकीला फोनवर कळलं. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी विचारायची, “आई, गॅस बंद आहे ना? हात लावून बघ. नुसतं बघू नकोस, हात लाव.” मावशी फोन कानाला लावूनच उठायच्या आणि बटणाला हात लावून यायच्या. पूर्वी हा प्रश्न त्या लेकीला विचारत.

हॉस्पिटलात मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू. नाक येणारच असेल तर उगाच बोभाटा कशाला? झाकण उचललं जाई, मावशी वाकत, वाफ चेहऱ्याला लागे, ऊन ऊन, ओली, आणि कोऱ्या कागदासारखी. मग त्या डोळे किंचित वर करून धाकटीकडे बघत. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणून लपत नसे. मिरची लागली तर कान लाल, कुणी रागावलं तर हनुवटी थरथरायची. काही बिघडलं असेल तर हिच्या नाकपुड्या सांगतील, असा मावशींचा हिशेब. धाकटीचा चेहरा शांत दिसला की त्या म्हणत, “जाऊ दे.”

पण वर खाटांवर माणसं होती. कुणाचं ऑपरेशन झालेलं, कुणाला दात नव्हते, कुणाला नळीने पाजायचं. त्यांच्या पोटात काय जातंय हे एका मुलीच्या नाकपुड्यांवर सोडलं होतं, आणि त्या मुलीला ते माहीतही नव्हतं.

घरी लिंबू हुंगणं चालू होतं. पण त्यात एक गंमत मावशींच्या लक्षात आली आणि ती त्यांना स्वस्थ बसू देईना. लिंबू नाकाशी धरलं की वाटायचं, आला, आला वास! मग डोळे मिटायला लावून नणंदेने हातात काय दिलंय ते ओळखायला सांगितलं की काहीच कळायचं नाही. एकदा तिने बटण ठेवायची डबी पुढे केली आणि मावशी म्हणाल्या, “लिंबू.”

“लिंबू? अगं, आत बटणं आहेत.”

“पण मला आला वास.”

“तुला आठवला.”

हे मात्र खरं होतं. इतकी वर्षं नाकाने जे जे साठवलं होतं ते आता आतून वर येत होतं, आणि आलेला वास कुठला आणि आठवलेला कुठला, हे ओळखायची काही खूण नव्हती. मावशी दोन दिवस हाच विचार करत होत्या. भाजी निवडताना, बसमध्ये, फोनवर लेकीला हो हो करतानासुद्धा. खात्री करायची तर असा वास हवा, जो आपण जन्मात घेतलेला नाही. आठवायला काही नसेल तर जे येईल ते खरंच आलेलं. पण मावशींनी न घेतलेला वास आणायचा कुठून?

तो त्यांना सापडला चिरायच्या पाटावर. सुपासाठी पातीचा कांदा चिरत होत्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि नाकाला पत्ता नव्हता. हेही एक नवलच होतं, की डोळ्यांना कांदा कळत होता. मुळाशी पांढरी गाठ, वर हिरवी पात. त्यांनी ती पात उचलून धरली आणि मनात आलं, ही लहान असताना कशी असेल? अगदी तान्ही? आयुष्यात गाडाभर कांदे चिरले, पण कांद्याचं बाळ आपण पाहिलेलं नाही. त्याला वास असतो का? बियालाच असतो, की उगवताना येतो, की गाठ धरल्यावर? कांदा कांदा होतो तरी कधी?

हॉस्पिटलच्या बागेतल्या माळीदादांकडे त्यांनी बी मागितलं.

“बी कशाला, मावशी? पात हवी तर मोड आलेला कांदा मातीत खोचा. आठवड्यात पात.”

“ती म्हाताऱ्या कांद्याची पात. मला जन्मापासूनचा हवा.”

“मग काय, बाळंतपण करा,” म्हणून माळीदादांनी खोपटातल्या डब्यातून चिमूटभर बी कागदात बांधून दिलं. काळं, टोकदार, सुरकुतलेलं, जणू कुणी कोळसा दातांनी फोडलाय. मावशींनी हुंगलं. काही नाही. नणंदेला हुंगायला लावलं.

“कागदाचा वास येतोय.”

बिस्किटांचा पसरट पत्र्याचा डबा होता. त्याला खिळ्याने खालून भोकं पाडली, माती चाळून भरली, बी विस्कटून वर मातीचा पातळ थर दिला आणि वर ओलं फडकं. डबा ठेवला नणंदेच्या खिडकीत, तिथेच ऊन यायचं. तिने कुरकुर केली, पण मशीन दोन वीत सरकवलं.

रोज फडकं उचलून बघणं सुरू झालं. माती आणि माती. मावशींनी पाणी वाढवलं, मग घाबरून कमी केलं, मग एका जागी माती उकरून बी बाहेर काढून बघितलं. ते जसंच्या तसं.

“वहिनी, पोर झोपलंय का बघायला सारखी पांघरूण काढतेस तू. झोपेल कसं?”

शेवटी माळीदादांना विचारलं. त्यांनी जीभ चावली. “तो डबा केव्हाचा होता देव जाणे. कांद्याचं बी लवकर म्हातारं होतं, मावशी. वांग्याचं टिकेल, भोपळ्याचं टिकेल, याचं एक पावसाळा उलटला की भरवसा नाही. नवं आणा.”

बियाण्याच्या दुकानातून मावशींनी नवी पुडी आणली. पुन्हा माती, पुन्हा फडकं. या वेळी नणंदेनेच पहारा केला, फडक्याला हात लावू दिला नाही. आणि मग एका सकाळी ती मशीनवरून उठायच्या आतच ओरडली, “वहिनी, इकडे ये! तुझ्या मातीला कुणी तरी टाके घातलेत!”

खरंच टाके होते. बारीक, पोपटी, दोन्ही टोकं मातीत आणि मधला भाग वर उचललेला. इथे एक, तिथे एक, शिकाऊ मुलीने कच्चे टाके टाकावेत तसे वेडेवाकडे. मावशींना वाटलं होतं, टोक वर काढून येईल, गवत येतं तसं. हे तर पाठीवरून येत होतं. डोकं खालीच, आणि पाठीने माती ढकलायची. नणंद आणि त्या दोघी डब्यावर वाकून बराच वेळ बघत बसल्या. ब्लाऊजचं माप द्यायला आलेली बाई दारात उभी राहून राहून निघून गेली.

मग एकेक टाका उसवत गेला. खालचं टोक सुटून वर आलं, आणि प्रत्येकाच्या शेंड्यावर बियाची काळी टरफलं टोपीसारखी अडकलेली. काहींनी टोपी उडवली, काही टोपीसकट उभे. पुढे त्यांचे हिरवे दोरे झाले, सुईत ओवता येतील इतके बारीक.

मावशी रोज कामावर जायच्या आधी डब्यावर नाक नेऊन हुंगत. अगदी लागेल इतकं जवळ. काही नाही. नणंदेलाही हुंगायला लावत.

“मला पण काही नाही. गवताला तरी वास असतो, याला तोही नाही. नाकाने कांदे सोलणाऱ्या पुष्कळ पाहिल्या, वहिनी, नाकाने कांदे उगवणारी तूच.”

आता पेच असा पडला, की नाक बंद आहे की कांद्यालाच अजून वास आलेला नाही? नणंदेच्या नाकाला काही येत नाही, तोवर मावशींच्या नाकाची परीक्षा सुरूच होत नव्हती. त्या वाट बघत होत्या. चिडचिड होण्याऐवजी त्यांना त्यात एक वेगळीच गोडी वाटू लागली होती. बसमध्ये त्या विचार करायच्या, आज आला असेल का? आज?

आणि त्याच सुमारास स्वयंपाकघरात ते झालं, ज्याची त्यांना धास्ती होती.

रात्रीतून केव्हा तरी फ्रिज बंद पडला होता आणि पहाटे आपोआप चालू झाला होता. सकाळी दूध गार लागलं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. उकडलेले बटाटे कुस्करून त्यात ते दूध घातलं, दात नसलेल्यांच्या वॉर्डासाठी. धाकटीने झाकण उचललं. मावशी वाकल्या, वर बघितलं. धाकटीचा चेहरा शांत. “जाऊ दे,” मावशी म्हणाल्या.

थोड्या वेळाने ट्रॉली परत आली, आणि ट्रॉलीबरोबर वॉर्डच्या सिस्टर. त्यांनी पातेलं ओट्यावर ठेवलं. “मावशी, हे काय? आंबलंय. झाकण काढताच कळलं मला. आज तुम्ही नव्हतात का?”

“कुणी खाल्लं?” मावशींनी विचारलं.

“कुणालाही वाढलं नाही. पण मावशी, तुमच्या हातून…” सिस्टर वाक्य अर्धंच ठेवून वर गेल्या. ते न बोललेलंच मावशींना जास्त लागलं.

त्यांनी धाकटीला कोठीच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. “तुला वास आला नाही?”

धाकटीची हनुवटी थरथरायला लागली. “आला.”

“आला? मग तोंड वाकडं का नाही केलंस?”

“मला वाटलं, तुम्ही काही बोलत नाही म्हणजे ठीक असेल. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, मावशी. मी रोज तुमच्याच तोंडाकडे बघते. मला कसलाही वास आला तरी वाटतं, आपल्याला काय कळतंय, मावशींना विचारू. मग तुम्ही म्हणता जाऊ दे, की मी म्हणते, बघ, तुला काही कळत नाही.”

मावशी पोत्यावर बसल्या. म्हणजे त्या हिच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि ही त्यांच्या. मधे उघडं पातेलं, आणि त्यात कुणाचंच नाक नाही.

“धाकटे, मला वास येत नाही,” त्या म्हणाल्या. “तापापासून. काही म्हणजे काही नाही.”

धाकटी रडायची थांबली. तिने इतकं मोठं कुतूहल डोळ्यांत आणून विचारलं, की एरवी मावशींना हसूच आलं असतं. “मग अळणी बटाटा?”

“तोही नाही.”

मॅडम, म्हणजे स्वयंपाकघराचं सगळं बघणाऱ्या आहारतज्ज्ञ, त्या वेळी रजेवर होत्या, सोमवारी येणार होत्या. मावशी म्हणाल्या, सोमवारी सांगते. तोवर वास तू घ्यायचा, आणि माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. धाकटी म्हणाली, “थोडं थांबू या ना. तुमचं येईल परत. तुम्हाला शेगडीवरून उठवलं तर?” मावशींनाही तेच वाटत होतं. शेगडीवरून उठायचं, तर मग आपण कोण?

रविवारी माळीदादा काहीतरी निमित्त काढून घरी आले, खरं तर कांदे बघायला. डबा बघून म्हणाले, “ही काय जत्रा? विरळणी करा, मावशी. निम्मे उपटा. नाहीतर सगळेच असे किडकिडे राहतील.”

“उपटू? उगवलेले?”

“मग काय, सगळ्यांची लग्नं लावून देणार आहात?”

ते गेल्यावर मावशी डबा मांडीवर घेऊन बसल्या. एकही उपटायचा धीर होईना. हा तर सरळ, तो टोपीवाला, हा उशिरा आलेला पण किती नेटाने आलाय. नणंद मशीनवरून म्हणाली, “दे इकडे, मी उपटते. माझा काही जीव नाही त्यांच्यात.” तेव्हा मात्र मावशींनी डोळे बंद करून एक चिमटीत धरला आणि ओढला. मूळ सुटलं नाही, दोरा मधेच तुटला. त्यांच्या नखात हिरवा ओलावा राहिला. चुकचुकत त्यांनी हात तोंडाशी नेला.

आणि थबकल्या.

काहीतरी होतं. फार लांबचं, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं. त्यांनी बोट नाकाशी नेलं, दूर नेलं, पुन्हा आणलं. आणलं की होतं, नेलं की नव्हतं.

“वन्सं, इकडे या. पण बोलू नका. आधी मी बोलते.” त्यांनी डोळे मिटले. “कांद्याचा नाही हा. लोखंडासारखा आहे. गार लोखंड, ओलं. आणि मागून थोडं… थोडं गोडसर.”

नणंदेने त्यांचं बोट धरून हुंगलं. “कांदा आहे की! अगदी कोवळा, पण कांदा. लोखंड कुठलं?”

“तुम्हाला आला? रोज तर येत नव्हता.”

दोघींनी डब्याकडे बघितलं. मग नणंदेने हळूच एक पात वाकवून हुंगली, काही नाही. तीच पात नखाने चुरडली, आणि तिचे डोळे मोठे झाले. “वहिनी, तोडल्याशिवाय याला वासच नाही! अख्खा असताना गप्प. आपण इतके दिवस काय हुंगत होतो?”

म्हणजे वास पहिल्या दिवसापासून असेलही. टाके होते तेव्हाही. जपून जपून, न दुखवता हुंगल्यामुळे कधी कळलंच नव्हतं. मावशींनी इतक्या लाडाने वाढवलेले दोरे आता पटापट उपटायला सुरुवात केली.

“थांब, थांब! आठवलेलाच नसेल कशावरून?” म्हणत नणंदेने त्यांच्या डोळ्यांवर अस्तराचा तुकडा बांधला. मग एकदा चुरडलेली पात, एकदा कुंडीतलं गवत, पुन्हा पात, असं ती बोटावर घेऊन नाकाशी धरू लागली. “लोखंड,” मावशी म्हणत. “काही नाही.” “काही नाही.” “लोखंड.” मग एकदा त्या बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “काहीच नाही. तुम्ही काही धरलंय तरी का?”

नणंद खदखदून हसली. बोट धुऊन नुसतंच धरलं होतं. मग हसता हसता तिने एकदम वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, “आलं गं बाई तुझं नाक.”

संध्याकाळभर मावशी घरभर हुंगत फिरल्या. लिंबू, साबण, चहा, लवंग, नवऱ्याची शाल. काही नाही. दूध काही नाही. मोठा कांदा कापला, तो मात्र लोखंड. एकच वास परत आला होता, आणि तोही वाकडा. बाकीचे कुठे अडकले होते कोण जाणे, आणि सगळे असे वाकडेच येणार असतील का? आपल्याला जो वास येतो तो इतरांना तसाच येतो हे तरी आपण कशावरून धरून चाललो होतो? विचार करण्यासारखं इतकं होतं, की त्या दोनदा रिकामं पातेलं गॅसवर ठेवून उभ्या राहिल्या.

“उद्या मॅडमना काही सांगू नकोस,” नणंद म्हणाली. “आलंच आहे ना परत? आज कांदा, उद्या दूध.”

“उद्या दूध आलं नाही तर?”

“तर परवा.”

“आणि मधे वरच्या माणसांच्या पोटात जे जाईल ते?” मावशी म्हणाल्या.

सोमवारी त्या मॅडमच्या खोलीत गेल्या. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, ताप, बटाटे, धाकटीच्या नाकपुड्या, लोखंड. मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “इतके दिवस सांगितलं नाहीत, हे वाईट केलंत.” मावशींनी मान खाली घातली. “आजपासून झाकण धाकटीकडे. तुम्ही चिरायच्या टेबलावर. तुमचं नाक आलं, असं धाकटी मला येऊन सांगेल तेव्हा बघू. तुम्ही नाही सांगायचं.”

मावशी चिरायच्या टेबलावर गेल्या. शेगडीला पाठ करून उभं राहायची सवय नव्हती, मान सारखी वळे. घरून आणलेला एक लहानसा डबा, विरळणीतून उरलेल्या कांद्यांचा, त्यांनी तिथल्या खिडकीत ठेवला होता. मधल्या वेळात धाकटी येऊन एक पात चुरडून हुंगायची आणि दोघींचा वाद चालायचा. धाकटी म्हणे, कच्च्या शेंगेसारखा वास आहे. मावशी म्हणत, लोखंड. “शेंग,” “लोखंड,” “शेंग.” पण या वादात मुलगी आपलं म्हणणं सोडेनाशी झाली होती, हे मावशींनी हेरलं.

मग एका सकाळी दुधाच्या पातेल्यावरचं झाकण धाकटीने उचललं आणि धरूनच ठेवलं. ट्रॉली ढकलणारा माणूस घड्याळ बघत होता. वरून दोनदा फोन येऊन गेला होता. दूध दिसायला पांढरंशुभ्र, सायसुद्धा धड.

“काय गं, निघू ना?” तो म्हणाला.

धाकटीने मान वळवून चिरायच्या टेबलाकडे बघितलं. मावशींना ते कळलं, पाठीवर नजर कळते. त्यांच्या नाकाला त्या दुधाचं काहीही कळत नव्हतं, चांगलं की वाईट. पण चेहरा तर होता, आणि चेहरा काही ना काही सांगतोच. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि चिरत राहिल्या. सुरीचा आवाज तेवढा होत राहिला. त्यांना वाटलं, आता ही म्हणणार, जाऊ दे.

“नाही,” धाकटी म्हणाली. “नाही न्यायचं.”

“अगं, चांगलं तर दिसतंय! मावशी, तुम्ही बघा हो जरा.”

“मला काय विचारतोस?” मावशी खिडकीकडेच बघत म्हणाल्या. “नाक तिचं आहे.”

धाकटीने एका लहान पातेल्यात ओगराळंभर दूध काढून गॅसवर ठेवलं. तिघंही त्याभोवती उभे राहिले. दूध तापलं, कडेला बुडबुडे आले, आणि काही झालं नाही. ट्रॉलीवाल्याने “बघा!” म्हणून हात झटकले. धाकटीच्या कानांचे शेंडे लाल झाले, पण ती हलली नाही. मग मधोमध एक बारीक रेघ दिसली, तिच्या दोन झाल्या, आणि दूध सावकाश, कुणी आतून उसवावं तसं, फाटत गेलं. पाणी वेगळं, चोथा वेगळा.

ट्रॉलीवाला दुसरं दूध आणायला कोठीकडे गेला.

मावशींनी सुरी ठेवली. हात पुसत पुसत त्या धाकटीजवळ आल्या. शाबासकी द्यायची त्यांना आठवलीच नाही.

“कसा होता?” त्यांनी विचारलं.

“कोण?”

“वास गं! मला वास सांग. आंबट?”

“आंबट नाही. तसं असतं तर मला लगेच कळलं असतं. जसं…” धाकटी शब्द शोधत छताकडे बघू लागली. “ओलं फडकं वाळायला विसरलो, तसं. पण गोड.”

“गोड? मला तर नासायला आलेलं दूध नेहमी पितळेसारखं यायचं. गोड आधी येतं, की फडकं आधी?”

“आधी… थांबा.” ती पुन्हा पातेल्यावर वाकली. फोन परत वाजायला लागला होता. दोघींपैकी कुणी तो उचलला नाही.